दोनदा उकळलेली शेवटची बीअर

ब्रुअरी बंद होणार असं ताईने जाहीर केलं आणि त्या दिवसापासून तिथली गर्दी दुप्पट झाली. माणसांचं हे असंच असतं. बत्तीस वर्षं जे लोक पलीकडच्या फुटपाथवरून नुसते हात हलवून 'येतो एकदा, येतो' म्हणायचे, ते आता रोज संध्याकाळी बाकांवर जागा अडवून बसायला लागले. वर ताईलाच विचारायला लागले, की तुम्ही बंद केल्यावर आम्ही जायचं कुठे?

"इतकी वर्षं जिथे जात होता तिथेच," ताई म्हणायची आणि ग्लास पुढे सरकवायची.

जागा म्हणजे एक जुना छापखाना. पुढे काउंटर आणि सहा लांब बाकं, मागे काचेच्या दारापलीकडे हंडा, चार टाक्या आणि एक थंड खोली. फरशीवर छापखान्याच्या वेळचा काळ्या शाईचा एक डाग होता. तो ना छापखान्यावाल्याला निघाला, ना या दोघांना. दोघं म्हणजे ताई आणि तिचा धाकटा भाऊ. भावाला सगळे छोट्या म्हणायचे. हा छोट्या पासष्ट वर्षांचा होता, सहा फूट उंच होता आणि थंड खोलीच्या दाराला त्याचं डोकं आठवड्यातून एकदा तरी आपटायचंच. ताई सत्तरीची. दोघांनी मिळून सातू भिजवले, उकळले, गाळले, आणि त्यातून जी बीअर काढली ती पिऊन शेजारपाजारची दोन पिढ्यांची लग्नं जमली, काही मोडलीही. मोडलेल्यांनीसुद्धा दोष बीअरला दिला नाही.

बंद करायचं कारण ताईने एकच सांगितलं होतं. "गुडघे." एवढं म्हणून ती गुडघ्यावर हात ठेवायची, आणि ऐकणारा हळहळून आपल्या गुडघ्यांची कर्मकहाणी सुरू करायचा. कारण असं निवडावं, की समोरचा पुढचा प्रश्न विचारायचं विसरतो.

खरं कारण गुडघ्यांच्या बरंच वर होतं. दीड वर्षापूर्वी ताईला जबरदस्त सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना नाकातला वास घेऊन गेली. कांदा नाही, साबण नाही, जळलेलं दूध नाही, काहीच नाही. डॉक्टर म्हणाला, या वयात परत येईल किंवा येणार नाही. असं तर काय, तीही सांगू शकली असती.

आता दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर एवढं बिघडलं नसतं. पण हिचं सगळं नाव त्या नाकावर उभं होतं. ब्रुअरीत पहिल्या दिवसापासून एक रीत होती. नव्या बीअरचा नळ उघडला की पहिला ग्लास ताईचा. ती डोळे मिटून ग्लासात नाक घालायची, सगळ्या बाकांवरची बडबड थांबायची, मग ती एक घोट घ्यायची आणि त्या बीअरबद्दल एकच वाक्य बोलायची. निवृत्त पोस्टमन कोपऱ्यातल्या स्टुलावर तयारच असायचा. तो उठून ते वाक्य खडूने पाटीवर लिहायचा आणि ती बीअर संपेपर्यंत ते पुसलं जायचं नाही. 'संत्र्याची साल आणि नुकताच भाजलेला पाव.' 'ओल्या लाकडाचा वास, शेवटी मध.' लोक ते वाचून मग प्यायचे आणि माना डोलवायचे. ताई म्हणाली म्हणजे असणारच.

तर ही ताई गेलं दीड वर्ष काय करत होती? थापा मारत होती. दुसरा शब्द नाही. ती ग्लासात नाक घालायची, तिला गार लागायचं, घोट घेतला की कडू लागायचं, आणि मग ती जुन्या वाक्यांतलं एखादं आठवून ठोकून द्यायची. छोट्या हल्ली जरा बडबड्या झाला होता. नळ उघडायच्या आधी तो सहज म्हणायचा, "यंदा वासाला तुझं ते केळं आलंय बघ." ताईला देव पावल्यासारखं वाटायचं. ती पाच मिनिटांनी तेच केळं डोळे मिटून सगळ्यांसमोर काढायची. पण प्रत्येक वेळी तिला एकच भीती वाटायची. उद्या एखादी टाकी खरंच बिघडली, आणि आपण 'मध' म्हणून ती लोकांना पाजली तर? बत्तीस वर्षांत एकदाही बिघडलेला ग्लास काउंटरवरून गेला नव्हता. जायच्या आधीच आपण बंद केलेलं बरं, असं तिने ठरवलं आणि गुडघे पुढे केले.

शेवटची बीअर त्यांनी एका मंगळवारी लावली. सकाळी सहाला हंडा पेटवला, दुपारपर्यंत उकळून, गार करून टाकीत घेतली. आता उरलं यीस्ट टाकायचं. म्हणाल तर अर्ध्या मिनिटाचं काम. थंड खोलीतला डबा आणायचा आणि टाकीत ओतायचा. पण त्या अर्ध्या मिनिटाशिवाय टाकीतलं ते नुसतं सातूचं गोड पाणी. बीअर त्यानंतर होते. हे काम कुणी करायचं याबद्दल ही भावंडं कधी बोलली नव्हती. ज्याचा हात मोकळा तो करायचा.

ताईने त्या दिवशी टाकीकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, शेवटचं यीस्ट छोट्याने टाकावं. आयुष्यभर पोती त्याने उचलली, टाक्या आत शिरून त्याने घासल्या आणि नाव झालं आपलं. एवढा मान तरी त्याचा. पण असं तोंडावर म्हणावं तर तो नको नको म्हणणार. म्हणून ती म्हणाली, "माझे गुडघे भरून आलेत, मी वर जाऊन पडते," आणि जिना चढून गेली. भरून आलेल्या गुडघ्यांनी माणूस जिना कशाला चढेल, हा विचार दोघांनाही सुचला नाही.

दोन दिवस गेले. गुरुवारी संध्याकाळी पुढे ही गर्दी. दातांची डॉक्टरीण आपल्या सगळ्या सासरच्या मंडळींना घेऊन आली होती. ताई ग्लास आणायला मागे जाऊन आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या सासऱ्यांनी विचारलं, "शेवटची कशी होतेय?"

"अहो, काय सांगू!" ताई हात उडवून म्हणाली. "यीस्टने काय जोर धरलाय! दार उघडलं तर असा भपकारा आला, मी दोन पावलं मागे सरले. फळांचा नुसता घमघमाट!"

सासरे खूश झाले. पोस्टमन खूश झाला. काचेच्या दारात छोट्या हात पुसत उभा होता. तो वळून टाकीकडे गेला.

थोड्या वेळाने त्याने हाक मारली, "ताई, जरा आत येतेस?"

ती आत गेली. त्याने दार लावून घेतलं. टाकीची नळी बादलीतल्या पाण्यात सोडलेली असते. यीस्ट कामाला लागलं की त्या पाण्यात सारखे बुडबुडे येतात. बादलीतलं पाणी आरशासारखं स्वस्थ होतं. ताईने बादलीकडे पाहिलं. आयुष्यात तिने ती बादली कधी नीट पाहिली नव्हती, दारातूनच वासावरून तिला सगळं कळायचं.

"यीस्ट किती वाजता टाकलंस?" छोट्याने विचारलं.

"मी? तू टाकलंस ना?"

"मी तर पिंपं पोचवायला गेलो."

"मंगळवारी कुठली पिंपं?"

छोट्या कान खाजवायला लागला. "नव्हतीच. नदीपर्यंत जाऊन आलो. म्हटलं, शेवटचं तुझ्या हातून होऊ दे. तोंडावर सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

ताई तशीच उलट्या ठेवलेल्या पिंपावर बसली. थंड खोलीत जाऊन छोट्याने पाहिलं, डोकं आपटून घेतलं आणि यीस्टचा भरलेला डबा घेऊन बाहेर आला. दोन दिवस तो तिथे शांतपणे बसून होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आधी ताईला हसू फुटलं, मग त्याला. बत्तीस वर्षांत जी चूक एखाद्या शिकाऊ माणसानेही केली नसती, ती या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांवरच्या मायेपोटी केली होती.

हसता हसता ताई थांबली. आपण आत्ता पाच मिनिटांपूर्वी बाहेर काय बोललो, ते तिला आठवलं. भपकारा. दोन पावलं मागे. फळांचा घमघमाट.

छोट्याने ते ऐकलं होतं. तो आता म्हणेल, मग म्हणेल, म्हणून ती वाट बघत बसली. तो टाकीचं झाकण उघडून वास घेत होता. "अजून बिघडलेलं नाही, पण काठावर आलंय," तो म्हणाला. "उद्या पुन्हा हंड्यात घेऊ, परत उकळू, गार करू आणि यीस्ट टाकू. दोनदा उकळल्यावर हॉप्सच्या फुलांचा कडूपणा चढेल, पण वाचेल. शेवटच्या रविवारला अजून अडीच आठवडे आहेत. होईल."

बाकी काही नाही. तो निमूटपणे झाकण लावून ग्लास धुवायला गेला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं ताईला झालं.

शुक्रवारी सकाळी हंडा पुन्हा पेटला. ताई लाकडी वल्हं घेऊन ढवळत होती आणि छोट्या आच बघत होता. वाफेने खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. अर्धा तास तिने कसाबसा काढला, मग वल्हं आपटून ठेवलं.

"मला वास येत नाही. एकदाचं सांगितलं. दीड वर्ष झालं."

"माहितीय," छोट्या म्हणाला आणि आच कमी केली.

"काय माहितीय?"

"हेच. गेल्या उन्हाळ्यात एक घाणा तळाला करपला होता. तू त्याच्यावर वाकून ढवळत होतीस आणि गाणं म्हणत होतीस. मला दाराबाहेर ठसका लागला."

"मग त्याचं काय केलंस?"

"ओतून टाकला. तू लेकीकडे गेलीस त्या रविवारी नवा लावला."

ताईचा चेहरा लाल झाला. वाफेने नव्हे. "आणि मला बोलला नाहीस? मी इथे एकेक नळ उघडताना अर्धमेली होत होते! रात्ररात्र डोळ्याला डोळा नव्हता माझ्या, की कधी एखादा खराब ग्लास जाईल म्हणून!"

"कसा जाईल? मी आधी बघत होतो ना प्रत्येक टाकी."

"मग सांगायचंस तरी!"

"तू सांगशील म्हणून थांबलो. तुझी गोष्ट, तू सांगायची."

ताईने वल्हं उचललं, एकदा त्याच्यावर उगारलं आणि पुन्हा ढवळायला लागली. राग होताच, पण दीड वर्षात पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखं वाटत होतं. हा येडा रोज आपल्या मागून येऊन सगळं नीट करत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.

"ती केळी, तो मध. तू मुद्दाम सांगायचास?"

"तुझेच पाच-सहा शब्द मला पाठ होते. तेच फिरवून फिरवून सांगायचो."

"मग तुझं नाक धडधाकट आहे, तर तू चालवणार होतास का रे पुढे? मी आपली बंद करून मोकळी झाले."

छोट्याने खरोखर विचार केला. "नाही," तो म्हणाला. "ताई, मला रोज सकाळी आठपर्यंत झोपायचंय. बत्तीस वर्षं मी फक्त ही एकच गोष्ट मनात धरून आहे. तू गुडघे काढलेस तेव्हा मी मागे जाऊन नाचलो होतो."

"गुडघे खरंच दुखतात माझे," ताई म्हणाली.

"दुखत असतील."

तिसऱ्या दिवशी बादली बुडबुडायला लागली. ताई खुर्ची घेऊन बादलीसमोर बसली आणि चांगली तासभर बघत राहिली. मग एक प्रश्न तेवढा उरला. शेवटच्या रविवारी सगळे जमणार, पहिला ग्लास तिच्या हातात येणार, सगळे गप्प होणार. तेव्हा काय बोलायचं?

"मी मागे उभा राहतो," छोट्याने सुचवलं. "कानात सांगतो, तू बोल. एवढ्या वेळा निभावलं, आणखी एकदा. जाताना लोकांच्या तोंडाची चव कशाला घालवायची? त्यांना तुझं कौतुक आहे."

ताईला ते पटलं. म्हणजे डोक्याला पटलं. खरं सांगितलं तर लोक काय म्हणतील? गेल्या दीड वर्षातल्या सगळ्या पाट्या खोट्या, मग त्याआधीच्या तीस वर्षांच्या तरी खऱ्या कशावरून? एवढ्याशा गोष्टीने सगळ्या आयुष्यावर बोट ठेवलं जाणार. आणि नाही सांगितलं, तर शेवटचा शब्दही आपला नव्हे. दोन आठवडे ती हेच उलटसुलट करत राहिली. छोट्या विचारायचा, "ठरलं ना?" ती म्हणायची, "बघू."

रविवारी बाराच्या आत बाकं भरली. मग बाकांमधली जागा भरली, मग फुटपाथ. पोस्टमन दाढी करून, नवा खडू घेऊन आला होता. नळ छोट्याने उघडला. बीअर नेहमीपेक्षा गडद होती, तांबूस, वर जाड फेस. त्याने ग्लास ताईच्या हातात दिला आणि ठरल्याप्रमाणे तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

ताईने डोळे मिटले आणि ग्लासात नाक घातलं. गार. बडबड थांबली. रस्त्यावरची एक सायकल तेवढी घंटी वाजवत गेली.

"संत्र्याची साल," कानामागून छोट्या पुटपुटला.

ताईने घोट घेतला. आणि तिचं तोंड असं काही वाकडं झालं, की पहिल्या बाकावरच्या मंडळींचंही झालं.

"कडू झालीय," ती म्हणाली.

पोस्टमनचा खडू पाटीवर तसाच राहिला. छोट्या मागून हळूच म्हणाला, "ताई—"

"थांब तू. कडू झालीय. चांगली सणसणीत. हे माझ्या जिभेला कळतंय आणि मी ते सांगणार." तिने ग्लास काउंटरवर ठेवला. "यीस्ट टाकायचं विसरलो आम्ही. त्याला वाटलं मी टाकेन, मला वाटलं तो टाकेल. दोनदा उकळावी लागली. दोन दिवस ते नुसतं गोड पाणी पडून होतं आणि मी इथे उभी राहून तुम्हाला घमघमाट सांगत होते. कारण मला वास येत नाही. दीड वर्षापासून नाही. पाटीवर लिहिलेल्या सगळ्या थापा होत्या. बीअर चांगली होती, ती याच्यामुळे. आता बोला काय बोलायचं ते."

ताईने फडकं उचललं आणि कोरडाच काउंटर पुसायला घेतला.

तेवढ्यात पोस्टमन खाकरला. "म्हणजे मार्चमध्ये, ती काळी बीअर होती, तेव्हा तुम्ही संत्र्याची साल म्हणालात..."

"तेव्हा हा तापाने झोपला होता. मी मनानेच ठोकलं."

"आणि ती साल मला काही केल्या सापडेना," पोस्टमनचा आवाज चढला, "म्हणून मी नाकाच्या डॉक्टरकडे गेलो! नळी घातली त्याने माझ्या नाकात! दोन्हीकडून!"

दातांची डॉक्टरीण म्हणाली, "मीही गेले होते." तिच्या मागून कुणीतरी हात वर केला. मग आणखी एकाने. आपल्याच नाकात खोट आहे, ताईचं चुकणार नाही, असं धरून किती जण दीड वर्ष गप्प बसले होते, ते त्या दिवशी बाहेर आलं. एक शिंपी तर वाफ घेत होता. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या गोंधळात पोस्टमनने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कडू.' मग सगळ्यांनी ग्लास पुढे केले.

त्यानंतर दुपारभर ताईला स्वस्थ बसू दिलं नाही कुणी. जो तो आपला ग्लास घेऊन यायचा आणि कसला वास येतोय ते तिला सांगून जायचा. पोस्टमन म्हणाला, नव्या चामडी पिशवीचा. डॉक्टरीण म्हणाली, लवंग. सासरे म्हणाले, पावसाळी बूट. "एकालाही नाक नाही!" ताई ओरडली. "बत्तीस वर्षं मी पाजलं कुणाला?"

उन्हं उतरली तेव्हा गर्दी थोडी पांगली. छोट्या दोन ग्लास भरून घेऊन आला आणि तिच्याशेजारी बाकावर टेकला.

"आता तू सांग," ताई म्हणाली. "खरं. माझे शब्द नकोत."

छोट्याने ग्लासात नाक घातलं. मग त्याने मान हलवली. "चांगला आहे वास. पण मला सांगता येत नाही गं. तू होतीस, म्हणून मी कधी शिकलोच नाही."

ताईच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. इतकी वर्षं हा माणूस शेजारी उभा होता आणि त्याला काय येतंय हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. ती त्याच्याकडे सरकून बसली.

"बरं, मी विचारते तसं सांग. आधी काय येतं? फळ की लाकूड?"

"फळ."

"आंबट की गोड?"

"आंबट. पण पिकलेलं."

"कापलेलं की आख्खं?"

छोट्याने पुन्हा वास घेतला. "कापून ठेवलेलं. सकाळी कापून संध्याकाळपर्यंत तसंच राहिलेलं."

"आणि त्याच्या मागे?"

"मागे... थांब. आई इस्त्री करायची ना. पाणी शिंपडून. तसं काहीतरी."

"गरम कापड?"

"हां! गरम कापड."

ताईने डोळे मिटले आणि ग्लासात नाक घातलं. तिला गार लागलं, आणि तिला कळलं की आत काय आहे.

"अजून घे," ती म्हणाली. "त्याच्याही मागे काय आहे ते बघ."

छोट्याने अजून घेतला. टाकी रिकामी होईपर्यंत दोघं त्या बाकावरून उठली नाहीत, आणि बाकीच्यांना शेवटी आपले ग्लास आपणच भरून घ्यावे लागले.